शूर्पारकाचें बंदर आणि नद्यांचा गाळ

राज्य बुडालें म्हणजे त्याचें कारण आपण लढायांत आणि तहांत शोधतों. बंदर बुडालें तर तें पुष्कळदां नदीच्या पाण्यांत सांपडतें. वसईजवळील सोपारें, म्हणजेच प्राचीन शूर्पारक, हें याचें ठळक उदाहरण होय.

सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ नांवाचें टेकाड खणलें, तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांतही या बंदराचा उल्लेख आहे. जेथें गलबतें लागत, तें गांव आज समुद्रापासून दूर, आंत राहिलें आहे. असें कां व्हावें?

या प्रदेशाच्या उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस उल्हास, अशा दोन सह्याद्रीकन्या समुद्रास मिळतात. घाटाच्या उतारावर पाण्यास वेग असतो. तें खडक झिजवितें, कांठ कापतें, माती ओढून नेतें. सपाटीवर वेग मंदावला कीं ओझें टाकणें भाग पडतें : आधीं गोटे, मग वाळू, शेवटीं चिखल. मुखाशीं भरती आडवी येते. खाऱ्या पाण्यांत मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात, आणि तिवरांचीं मुळें तो गाळ धरून ठेवितात.

वसई-सोपाऱ्याचा भाग पूर्वीं बेट होता. सोपाऱ्याची खाडी त्यास मुख्य भूमीपासून वेगळा करी. ती खाडी याच रीतीनें उथळ होत गेली. सोपाऱ्याच्या ऱ्हासास एकटा गाळच कारण झाला असें म्हणणें धाडसाचें होईल. पण ज्या बंदरांत गलबत शिरूं शकत नाहीं, त्यास कोणताही राजाश्रय तारूं शकत नाहीं. सन १५३४ मध्यें पोर्तुगीजांस वसई मिळाली, आणि १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली. तो प्रसिद्ध किल्ला वसईच्या रुंद खाडीच्या मुखाशीं आहे, सोपाऱ्यास नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मात्र गाळानें बंदर नेलें तसें दानही दिलें. भातखाचरें आणि मिठागरें त्यावरच उभीं राहिलीं. परंतु ही भूमि अद्याप पाण्याचा वारसा विसरलेली नाहीं. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ बुडाले आणि मिठागरांतील कुटुंबें पाण्यांत अडकलीं. खाडी बुजली तरी सखल वाट उरतेच. भरतीच्या वेळीं निचरा थांबला कीं पावसाचें पाणी तीच वाट धरितें. तेथें भराव घालून घरें बांधणाऱ्यांनीं शूर्पारकाचा इतिहास एकदां अवश्य वाचावा.