वाळवंटी मोटारचालन

वाळवंटी मोटारचालन : बांधीव रस्ता किंवा मळलेली वाट नसलेल्या वालुकामय व खडकाळ मरुभूमीतून मोटार नेण्याची विद्या. डोंगराळ प्रदेश, दलदल, नदीपात्रे, जंगले इत्यादींतून वाहन चालविण्याच्या ज्या पद्धती आज शिकविल्या जातात, त्यांपैकी अनेकींची पहिली कसोटी वाळवंटात लागली. ही विद्या एखाद्या कारखान्यात किंवा लष्करी विद्यालयात जन्मली नाही. पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या सुमारे पंचवीस वर्षांत ईजिप्त व लिबिया यांच्या सीमेवरील निर्जल प्रदेशात काही नवशिक्या चालकांनी ती चुका करीत, वाहने रुतवीत व ती पुन्हा खणून काढीत हस्तगत केली. तिच्या इतिहासाचे वैशिष्ट्य असे, की यंत्राच्या शक्तीपेक्षा चालकाच्या संयमाला तिच्यात प्रारंभापासून अधिक महत्त्व मिळाले.

पूर्वपीठिका : लिबियाच्या वाळवंटातील प्रवास शतकानुशतके उंटांवरून होत असे. उंटांचे तांडे विहिरी व मरूद्याने यांना धरून चालत. जेथे पाणी नाही, अशा विस्तीर्ण भागात ते सहसा शिरत नसत. सीवा मरूद्यानाच्या दक्षिणेस पसरलेला ‘महावालुकासागर’ हा असाच प्रदेश होय. त्याचे क्षेत्रफळ सु. ७२,००० चौ. किमी. असून साधारणपणे उत्तर-दक्षिण दिशेत पसरलेल्या वालुकागिरींच्या लांबच लांब रांगा त्यात आहेत. काही वालुकागिरींची उंची १०० मी. पेक्षा अधिक भरते.

पहिल्या महायुद्धात सनुसी पंथीयांविरुद्ध ईजिप्तच्या पश्चिम सीमेवर लढताना ब्रिटिश सैन्याने १९१६ पासून फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या हलक्या मोटारी गस्तीसाठी वापरल्या. ही मोटार वजनाला इतकी कमी होती, की ती रुतली तर तिच्यातील माणसे उतरून तिला ढकलू शकत. या गस्तदलातील न्यूझीलंडचे अधिकारी क्लॉड विल्यम्स आणि ईजिप्तच्या वाळवंट सर्वेक्षण खात्याचे जॉन बॉल यांनी अज्ञात प्रदेशाचे मापन करता करता मोटारप्रवासाची काही मूलभूत साधने सिद्ध केली. युद्ध संपल्यावर मात्र हा अनुभव बराचसा विस्मृतीत गेला.

याच सुमारास फ्रान्समध्ये वेगळ्या दिशेने विचार झाला. सित्रॉएन कंपनीने मागील चाकांऐवजी रबरी पट्टे बसविलेल्या मोटारी तयार केल्या. त्यांच्या साहाय्याने हार्ट व ओद्वँ-द्यूब्रय यांच्या तुकडीने डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ या काळात तूगूर्त ते टिंबक्टू हा सहारा ओलांडणारा प्रवास पूर्ण केला. ईजिप्तचे राजपुत्र कमाल अल्-दीन यांनीही अशाच वाहनांतून लिबियाच्या वाळवंटाचे समन्वेषण केले व १९२६ मध्ये तेथील विस्तीर्ण पठारास ‘गिल्फ कबीर’ असे नाव दिले. वाहनच असे बनवावे की त्याने वाळूवर मात करावी, हा या प्रयत्नांमागील दृष्टिकोन होता. त्यासाठी मोठा खर्च व पाठीशी मोठा लवाजमा लागे.

बॅगनॉल्ड यांचे कार्य : साधी, बाजारात मिळणारी, दोनच चाकांना गती देणारी मोटार घेऊन वाळूचा स्वभाव समजून घ्यावा, हा दुसरा दृष्टिकोन राल्फ ॲल्जर बॅगनॉल्ड (१८९६–१९९०) यांनी रूढ केला. हे ब्रिटिश सैन्यातील संदेशवहन विभागाचे अधिकारी १९२६ मध्ये कैरो येथे नेमले गेले. रजेच्या काळात, स्वतःच्या खर्चाने, ते व त्यांचे सहकारी सिनाई व लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन जाऊ लागले. त्यांच्यापैकी कोणालाही या कामाचे शिक्षण मिळालेले नव्हते. पहिल्या सफरींत वाहने वारंवार रुतत आणि फावड्याने वाळू उपसण्यात तासन्‌तास जात. प्रत्येक रुतण्यामागचे कारण शोधून त्यावर उपाय योजण्याची सवय मात्र त्यांनी लावून घेतली.

या सवयीतून पुढील साधने व रीती निष्पन्न झाल्या. रुतलेल्या चाकांपुढे अंथरण्यासाठी प्रथम पन्हळी पत्रे वापरले गेले. पुढे कैरो येथील मोडीच्या व्यापाऱ्याकडे बॅगनॉल्ड यांना खंदकावरील छपरांसाठी बनविलेल्या जाड पोलादी पन्हळी मिळाल्या व त्यांचा उत्तम उपयोग झाला. उकळलेल्या पाण्याची वाफ वाया जाऊ नये म्हणून रेडिएटरच्या नळीचे टोक अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात सोडले जाई. वाफ तेथे थंड होऊन तिचे पाणी होई व एंजिन निवल्यावर तेच पाणी रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. जेथे पाणी हेच आयुष्य, तेथे या योजनेचे मोल मोठे होते. मोटारीतील लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र फसवी दिशा दाखवी. म्हणून सूर्यहोकायंत्र वापरले जाई. त्यात अंशांच्या खुणा असलेल्या तबकडीच्या मध्यभागी उभी सुई असते आणि तिची सावली व घड्याळातील वेळ यांवरून वाहन न थांबविता दिशा राखता येते.

महावालुकासागर मोटारीने ओलांडता येणार नाही, असा समज होता. १९३० मध्ये बॅगनॉल्ड यांनी ‘मॉडेल ए’ प्रकारच्या फोर्ड मोटारी घेऊन हा समज खोटा ठरविला. समोर उभ्या असलेल्या वालुकागिरीवर त्यांनी वेग कमी न करता मोटार घातली, तेव्हा ती रुतण्याऐवजी सहज वर चढून गेली. वाऱ्याच्या बाजूचा उतार मंद असतो व तेथील वाळूचे कण वाऱ्यामुळे घट्ट रचले गेलेले असतात. उलट, वाऱ्याआडच्या बाजूस वाळू केवळ घरंगळून साठते. तो उतार सु. ३३ अंशांपर्यंत तीव्र व अतिशय भुसभुशीत असतो. कोणती वाळू वाहनाचा भार सोसेल हे ओळखता येणे, यातच खरे रहस्य होते. १९३२ च्या मोहिमेत ही पद्धत सुदानच्या सीमेपर्यंतच्या अतिदूरच्या प्रदेशात यशस्वी ठरली. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पुढे बॅगनॉल्ड यांना सुवर्णपदक दिले.

वाळूविषयीचे हे कुतूहल तेवढ्यावर थांबले नाही. सैन्यातून निवृत्त झाल्यावर बॅगनॉल्ड यांनी वातविवर बांधून वाऱ्याने होणाऱ्या वाळूच्या वहनाचा प्रायोगिक अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मंगळावरील वालुकागिरींच्या अभ्यासातही पुढे या संशोधनाचा आधार घेण्यात आला. रुतलेल्या मोटारीपाशी उभ्या राहिलेल्या प्रश्नाने विज्ञानाच्या एका शाखेचा पाया घातला, असे म्हणता येईल.

नवशिक्यांचे शिक्षण : जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर जनरल वेव्हेल यांनी बॅगनॉल्ड यांना वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे दल उभारण्याची अनुज्ञा दिली. हेच पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्यासाठी अवघ्या सहा आठवड्यांचा अवधी होता. जी विद्या काही थोड्या हौशी मित्रांनी अनेक वर्षांत मिळविली होती, ती प्रथमच इतरांना पद्धतशीर शिकविण्याची वेळ आली. न्यूझीलंडच्या सैन्यातून निवडलेल्या स्वयंसेवकांपैकी बरेच जण शेतकरी होते. वाळवंट त्यांनी पाहिले नव्हते. परंतु स्वतःचे वाहन स्वतः दुरुस्त करण्याची व ते जपून वापरण्याची त्यांना सवय होती. निवडीत तिलाच महत्त्व देण्यात आले.

शिकाऊ चालकास प्रथम रस्त्यावरील सवयी विसराव्या लागत. मऊ वाळूत शिरण्यापूर्वी टायरांतील हवा कमी करावी लागते. दाब कमी झाला, की टायर लांबट पसरतो, त्याचे जमिनीला टेकणारे क्षेत्र वाढते व दर चौ. सेंमी.वरील भार घटतो. कठीण जमीन लागताच हवा पुन्हा भरावी लागते, अन्यथा टायर तापून फाटतो. योग्य गिअर मऊ वाळूच्या आधीच टाकावा लागतो, कारण मध्येच क्लच दाबल्यास गती मोडते व वाहन जागीच बसते. ब्रेक जोराने दाबल्यास चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. म्हणून वाहन आपोआप थांबू द्यावे व शक्यतो उताराकडे तोंड करून उभे करावे. माथ्यावर पोहोचताना वेग आवरावा, कारण पलीकडचा तीव्र उतार अगोदर दिसत नाही. तो उतार सरळ रेषेत उतरावा. तिरपे गेल्यास वाहन उलटते. चाके जागीच फिरू लागली, तर एंजिनाचा जोर वाढविण्याऐवजी पाय काढून घ्यावा. नवशिक्याच्या मनाविरुद्ध जाणारा हाच धडा सर्वांत कठीण असतो, कारण प्रत्येक जादा फेऱ्याबरोबर चाक अधिक खोल जाते.

दिवसाच्या प्रहराचेही ज्ञान आवश्यक असे. भर दुपारी सावल्या नाहीशा होतात व खळगे आणि माथे एकसारखेच दिसतात. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आल्यावर सूर्यहोकायंत्रही निरुपयोगी होई. त्यामुळे त्या वेळी मुक्काम करणे हा शिस्तीचा भाग होता.

वाहनांच्या निवडीतही हाच बोध झाला. दलाने प्रारंभी दोन चाकांना गती देणारे शेव्हरोले ट्रक वापरले. १९४१ मध्ये त्यांच्या जागी चारही चाकांना गती देणारे फोर्ड ट्रक आले. परंतु ते अधिक जड व पेट्रोल अधिक खाणारे होते. १,५०० किमी. हून अधिक अंतर स्वतःच्या साठ्यावर कापावयाचे असताना हा दोष गंभीर ठरला व १९४२ मध्ये पुन्हा दोन चाकांना गती देणारे शेव्हरोले ट्रक घेण्यात आले. भारतीय घोडदळाच्या पलटणींतील सैनिकांचे ‘इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन’ हे पथकही १९४१ च्या अखेरीस उभारले गेले व पुढील वर्षी त्याने या दलाबरोबर काम केले.

धोके व मर्यादा : या विद्येत चुकीची किंमत मोठी होती. ३१ जानेवारी १९४१ रोजी जबल शरीफ येथील चकमकीत दलाचे काही ट्रक नष्ट झाले व तुकडीप्रमुख पॅट क्लेटन पकडले गेले. मागे राहिलेल्या चौघांनी शरण जाण्याऐवजी थोड्याशा पाण्यावर दक्षिणेकडे चालत जाण्याचे ठरविले. त्यांपैकी रॉनल्ड मूर हा सैनिक दहा दिवसांत सु. ३४० किमी. चालला व वाचला. त्याच्या एका सोबत्याचा मात्र अंत झाला. वाहन गमावलेल्या माणसाला वाळवंट किती अफाट असते, हे या घटनेने दाखविले.

ही विद्या एकाच पक्षाची राहिली नाही. युद्धापूर्वी याच प्रदेशाचे समन्वेषण केलेले हंगेरियन लास्लो आल्माशी (१८९५–१९५१) यांनी मे १९४२ मध्ये गिल्फ कबीरच्या मार्गाने दोन जर्मन हेरांना नाईलकाठच्या अस्यूतपर्यंत पोहोचविले. कधीकाळी एकाच रिकाम्या नकाशातील जागा भरणारे संशोधक युद्धकाळात परस्परांचे शत्रू म्हणून त्याच वाटांनी फिरले.

युद्धोत्तर काळ : १९४१ पासून मोठ्या संख्येने निघालेली जीप व १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात प्रथम मांडलेली लँड रोव्हर या गाड्यांमुळे चारही चाकांना गती देणारे हलके वाहन शेतकरी, सर्वेक्षक, वनाधिकारी व डॉक्टर यांच्या हाती आले. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई येथे जीपची जुळणी सुरू झाली आणि कच्च्या वाटांवरील गावांत शासकीय कामाचे ते परिचित वाहन बनले. लष्करी वाहनांच्या कसोट्यांसाठी महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे वाहन संशोधन संस्था आहे.

शक्ती वाढली, तरी प्राथमिक धडे बदलले नाहीत. अवघड जागा आधी पायी उतरून पहावी; पाण्याचा ओघ व खोली जाणून मगच वाहन घालावे; सुकाणू चक्राला अंगठ्याचा विळखा घालू नये, कारण खडकावर आपटून चाक एकाएकी फिरल्यास अंगठा मोडतो; चढ पार न झाल्यास वळण्याचा प्रयत्न न करता मागील गिअरमध्ये सरळ खाली यावे; एकट्या वाहनाने दूर जाऊ नये, हे नियम आजही नवशिक्यास प्रथम सांगितले जातात. १९७७ मध्ये एका शर्यतीत सहाराच्या वाळवंटात वाट चुकलेले फ्रेंच मोटारसायकलपटू त्येरी साबीन बचावले व त्यांनीच डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिस–डाकार शर्यत सुरू केली. तिच्यामुळे हा विषय क्रीडाक्षेत्रात आला. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान कळू लागल्यावर दिशा चुकण्याचे भय घटले. पण कोणती वाळू भार सोसेल, हे अद्याप चालकालाच ओळखावे लागते.

अलीकडे या शिक्षणात आणखी एका धड्याची भर पडली आहे. वाळवंटातील खडेमिश्रित सपाट जमिनीचा पातळ पृष्ठस्तर एकदा मोडला, की तो लवकर भरून येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील ट्रकांच्या चाकोऱ्या लिबियाच्या वाळवंटात अनेक दशकांनंतरही स्पष्ट दिसतात. पूर्वीच्या चालकांना आपण कोठून गेलो हे समजण्यासाठी या खुणा उपयोगी पडत. आज त्याच खुणा, जेथे जाता येते तेथे प्रत्येक वेळी जावेच असे नाही, याची जाणीव शिकाऊ चालकास देतात.