जुना टांगा संग्रहालयाला द्यायचाय? आधी हे वाचा

गोठ्यात पडलेला आजोबांचा टांगा भंगारात गेला तर लोखंडाचा भाव येतो, लाकूड चुलीत जातं. संग्रहालयाला द्यायचा असेल तर नवा ऑइलपेंट मारू नका. जुना रंग, पितळी पट्ट्या, झिजलेली बैठक हाच त्याचा पुरावा. धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, वाळवी बघा, चाकं ठोकळ्यांवर उचलून ठेवा. आरे किंवा धाव ढिली असेल तर संग्रहालयाला विचारूनच सुतार-लोहाराला हात लावू द्या. धाव तापवून चढवतात. पाणी मारलं की ती आवळते.

लगाम, घुंगरं, कंदील सोबत द्या. भाऊबंदांची संमती लेखी घ्या, देणगीपत्राची प्रत ठेवा. टांगा कोणी, कोणत्या वाटेवर हाकला तेही लिहून द्या. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे कळेल.