डेंग्यूची मज्जासंस्थाविषयक गुंतागुंत

डेंग्यूच्या संसर्गात मेंदू, मज्जारज्जू, चेतातंतू किंवा स्नायू बाधित होऊन उद्भवणारे विकार. ईडिस इजिप्ती डासाच्या मादीमार्फत पसरणाऱ्या डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणात शुद्ध हरपण्याची गणना तीव्र डेंग्यूत होते.

कारणे : रक्तदाब घसरणे, यकृत निकामी होणे, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा मेंदूत रक्तस्राव यांमुळे मेंदूचे कार्य बिघडते. कधी विषाणू थेट मेंदूत शिरून मेंदूदाह होतो. ताप उतरल्यावर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतांवर उलटल्यास गियाँ-बारे विकार जडतो. पोटॅशियम घटल्यास हातपाय लुळे पडतात.

निदान : रक्तातील एनएस१ व आयजीएम चाचण्या, पाठीतील पाण्याची तपासणी आणि एमआरआय. महाराष्ट्रात चंडिपुरा विषाणू व जपानी मेंदूज्वर वगळावे लागतात. अशा विषाणूंवर पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था (स्थापना १९५२) संशोधन करते.

उपचार : विषाणूवर खास औषध नाही. सलाइनचे काटेकोर प्रमाण व लक्षणांनुसार उपचार महत्त्वाचे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे. ग्रामीण भागातून मोठे रुग्णालय दूर असू शकते; उदाहरणार्थ, अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरहून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे १०० किमी दूर आहे. त्यामुळे झटके, असंबद्ध बडबड किंवा गुंगी दिसताच रुग्णाला रुग्णालयात हलवणे अत्यावश्यक ठरते. डासांची पैदास रोखण्यासाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस (पाणीसाठे रिकामे करण्याचा दिवस) पाळावा.