मनीऑर्डरचा साक्षीदार

मागच्या पावसाळ्यात अम्मा न्हाणीघरात घसरून पडली. ती दापोलीकडच्या गावात एकटी, मी सोलापुरात शिक्षक. मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही शेजारच्या काकूंनी न राहवून फोन केला म्हणून. अम्माने त्यांना बजावलं होतं, "पोराला सांगू नको, त्याच्या शाळेत परीक्षा चालू आहे."

मग पूर्वी हे कसं निभत होतं? कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर. आधी जहाजावर खलाशी, 1973 नंतर तेलाचे भाव चढले तसे आखातात. (इंग्रजीतला 'लास्कर' हा आपला फारसी 'लश्कर'च. वर्गात सांगितलं की मुलं चकित होतात.) पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद, म्हणजे मुंबईतला मुलगाही आजारी आईपर्यंत सहज पोचत नसे.

आमचे दादा जहाजावर होते. दादीला लिहिता येत नव्हतं. टपाल खात्याने 1880 साली सुरू केलेली मनीऑर्डर घेऊन पोस्टमन दारात यायचा, दादी अंगठा उठवायची आणि साक्षीदार म्हणून सही करायचे शेजारचे कुणबी आजोबा. खालच्या चिठोऱ्यावरच्या दोन ओळीही तेच वाचून दाखवायचे. त्यामुळे पैसे किती आले, कधी आले नाहीत, हे त्यांना ठाऊक असायचं. पैसे चुकले त्या महिन्यात त्यांच्याकडून न मागता तांदूळ यायचे. याला आपण शेजारधर्म म्हणतो, आणि तो होताच. पण त्या धर्माला खबर लागते, ती त्या सहीतून मिळत होती.

मी मोबाइलवरून पैसे पाठवतो. क्षणात पोचतात, शेजाऱ्याला पत्ता नाही. मुलाचं कर्तव्य झालं, असं मला खुशाल वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. काकूंना दरमहा काही देऊ केलं, तर त्या रागावल्या. "माझा पोरगा पुण्यात आहे. मी तुझ्या आईला पैसे देते का?" खरंच होतं. अम्माच त्यांना दवाखान्यात घेऊन जायची, हे मला तेव्हा कळलं!

शेवटी ठरलं ते एवढंच. घराची एक किल्ली काकूंकडे, त्यांची अम्माकडे. आम्हा दोघा मुलांचे नंबर दोन्ही घरांच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. फजरला उठल्यावर अम्माने पडवीतला दिवा लावायचा. उजाडेपर्यंत लागला नाही तर काकूंनी यायचं.

परवा दिवा लागला नाही. काकू तशाच अनवाणी धावल्या. बल्ब गेला होता.