लस, सुई आणि संमती

बेळगावच्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ नावाचा झाडीने वेढलेला परिसर आहे. एके काळी येथे देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग गेला, नाव मात्र उरले. त्या नावापाशी एक जुना प्रश्न उभा राहतो: साथ दाराशी आली असता, जिची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे अशी लस प्रथम कोणी टोचून घ्यावी?

मुंबई इलाख्याला हा प्रश्न प्लेगने विचारला. मुंबईत १८९६ साली साथ उसळली. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांचे धैर्य निर्विवाद होय. पुढची पाळी भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांची आली. ते स्वखुशीने पुढे आले खरे. परंतु बंदिवानाची खुशी कितपत मोकळी असते?

त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात सोजीर घराघरांत शिरले. तेव्हा सरकारी सुईकडेही लोक संशयाने पाहू लागले यात नवल नाही. तरीही १८९८ साली हुबळी-धारवाडकडे हजारोंनी ही लस घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच दूषित बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. निर्दोषत्व सिद्ध होण्यास १९०७ साल उजाडले. गेलेला विश्वास परत मिळवणे किती कठीण, हे यावरून ध्यानी यावे.

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, कोव्हॅक्सिनच्या पहिल्या चाचण्यांसाठी देशातील १२ रुग्णालये निवडली गेली. त्यांत बेळगावचे एक व गोव्यातील एक होते. लस १५ ऑगस्टपर्यंत सिद्ध व्हावी अशी घाई वरून झाली, तेव्हा जाणत्यांनी आक्षेप घेतला आणि तो योग्यच होता. साथीला घाई असते. परीक्षेला ती परवडत नाही.

आज स्वयंसेवकाला धोका समजावून सांगून त्याची लेखी संमती घ्यावी व ती त्याला समजणाऱ्या भाषेत असावी, असा नियम आहे. निपाणी-बेळगावच्या मुलखात या नियमाचे मोल विशेष. येथे एकाच गल्लीत मराठी, कानडी व कोकणी नांदतात. ज्या भाषेत आई लेकराला औषध पाजते, त्या भाषेत जो धोका सांगितला गेला नाही, त्याला दिलेल्या संमतीस संमती कसे म्हणावे? कागदावरची सही म्हणजे होकार नव्हे. समजून दिलेला होकार हीच खरी सही.