सभासदांचे श्रम, सभासदांचा मान

धार-देवासचे पवार असोत वा पुण्याचे पेशवे, मराठ्यांचा इतिहास घरोघरीच्या दप्तरांत विखुरलेला होता. तो जमविणे हे एकट्याचे काम नव्हे, हे ओळखून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. सभासदाने आपणांस सापडलेला कागद सभेत वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि निबंध त्याच्या नावानिशी इतिवृत्तात छापला जावा, ही तेथील रीत. वेतनाविना राबणाऱ्यांना हाच मान पुन्हा दप्तरांकडे नेई. पुढे राजवाडे मंडळापासून दुरावले, १९२६ मध्ये धुळ्यास निवर्तले. मंडळाचे कार्य मात्र थांबले नाही. संस्थापकाचे तेज आरंभापुरते. लोहारद्यासारख्या लहान गावीही संस्था टिकते ती सभासदाच्या हाती सोपविलेल्या कामाने आणि त्या कामाच्या कदरीने.