वकट, लेंड, मूंड

बालपणीच्या खेळांविषयी लिहू लागले की मराठी लेखणी सहसा हळवी होते. भोवरा, गोट्या, सागरगोटे, आट्यापाट्या अशी नावे ओळीने येतात, मागोमाग एक सुस्कारा येतो, आणि लेख संपतो. या हळवेपणाला आमचा आक्षेप नाही; परंतु खेळ हे इतिहासाचे साधनही आहे, याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. ताम्रपट आणि बखरी यांच्या पंक्तीला विटी आणि दांडू मांडून ठेवल्यास पंडितांना हसू येईल. तथापि बखरकारांना जी गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटली नाही, ती या दोन लाकडांनी सांभाळली आहे.

विटीदांडू महाराष्ट्रात जुना आहे. सतराव्या शतकातील तुकोबांच्या गाथेत या खेळावर अभंग आहेत. जमिनीत लहानशी खळी करावी, तिच्यावर विटी आडवी ठेवून दांडूने कोलावी, झेल गेल्यास गडी बाद, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. या खेळाच्या एका प्रकारात खळीपासून विटीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात. आणि मोजताना मराठी मुलगा एक, दोन, तीन असे म्हणत नाही. तो म्हणतो : वकट, लेंड, मूंड, नाल. ज्या नावावर माप संपेल त्यानुसार पुढचा टोला पायावरून, मुठीवरून की डोळ्यावरून मारायचा हे ठरते.

हे शब्द म्हणजे पोरांची निरर्थक बडबड, अशी समजूत पुष्कळांची असते. बंगळूरला बदलून आलेल्या माणसाला मात्र ती फार दिवस बाळगता येत नाही. येथील बाजारात कन्नडबरोबर तेलुगूही कानांवर पडते. कन्नड माणूस ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असे मोजतो. तेलुगू माणूस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे मोजतो. ओकटिचा वकट झाला, रेंडुचा लेंड झाला (काही गावी रेंडच म्हणतात), मूडुचा मूंड झाला. चौथ्या ‘नाल’वर दोन्ही भाषांना हक्क सांगता येईल, पहिल्या तिहींचा कल उघडच तेलुगूकडे आहे. पुढे काही गावी ‘आर’ येतो. कन्नड व तेलुगू दोहोंत ‘आरु’ म्हणजे सहा; मराठी मुलांनी तो पाचव्या जागी बसवला. पाचाचा आकडा वाटेत कोठेतरी सांडला आणि त्यावाचून खेळाचे काही अडले नाही!

ही देवघेव एकेरी नाही. कर्नाटकातील घरांत कवड्यांनी खेळल्या जाणाऱ्या पटाला ‘चौकाबारा’ म्हणतात. त्यातला चौका हा आपल्याकडचा. लगोरी तर दोन्ही भाषांत लगोरीच आहे. गंजिफा या गोल पत्त्यांच्या खेळाचेही तसेच. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनाला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी दशावतारांची 120 पानांची गंजिफा रंगविली, आणि म्हैसुरास तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी या खेळाचे नवे, अधिक पानांचे प्रकार रचून ‘श्रीतत्त्वनिधी’त त्यांचे वर्णन करविले. गंजिफेला राजाश्रय होता, म्हणून तिचा इतिहास कागदावर उतरला. विटीदांडूला आश्रय होता तो केवळ पोरांचा.

या शब्दांना योग्य अशी पार्श्वभूमी मात्र इतिहासात भरपूर आहे. देवगिरीच्या यादवांचे शिलालेख कन्नडमध्येही आहेत आणि मराठीतही. श्रवणबेळगोळला दहाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ कोरलेली आहे, आणि तिच्या जवळच त्याच आशयाचा मजकूर कन्नड व तमिळमध्ये आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले व ते शहाजीराजांकडे आले. त्यांच्या दरबारी अनेक भाषांचे कवी असल्याचे जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त सांगितले आहे. राजे, कवी आणि शिल्पी यांच्याबरोबर कारकून, हमाल, बैलवाले आणि त्यांची पोरेही या वाटांवरून गेली असतील. पोरांनी मागे लेख ठेवले नाहीत, आकडे ठेवले.

दूरचित्रवाणीच्या जन्मतारखा आपणांस सांगता येतात : दिल्लीत 15 सप्टेंबर 1959, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972. आज तिशीत असलेल्या आमच्या पिढीचे बालपण तिच्यासमोर गेले. 1997 पासून ‘शक्तिमान’ने साऱ्या देशातील मुलांना एकच गिरकी शिकवली. त्या गिरकीचा आनंद खोटा नव्हता. परंतु ती सर्वत्र सारखीच होती. विटीदांडूची मोजणी मात्र गावागणिक बदलते, आणि या फरकांतच तिच्या प्रवासाच्या खुणा आहेत. या खुणा आता वेगाने पुसल्या जात आहेत. मैदाने इमारतींखाली गेली, आणि ज्यांना ‘नाल’च्या पुढचे शब्द आठवतात त्यांचे वय वाढत आहे.

येथे आपल्यासारख्या बदलीवरच्या माणसांना एक काम करता येण्याजोगे आहे. गावी राहणाऱ्यास केवळ आपल्या गावची मोजणी ठाऊक असते. परप्रांतातील मराठी मंडळाच्या एका बैठकीत मात्र नागपूर, रत्नागिरी, सोलापूर, नांदेड अशी सारी ठिकाणे एकाच सतरंजीवर येऊन बसतात. प्रत्येकाने आपल्या गावचे शब्द क्रमाने लिहून द्यावेत, वडीलधाऱ्यांना पत्र घालून किंवा दूरध्वनीवरून विचारून घ्यावेत, आणि शेजारच्या कन्नड व तेलुगू गृहस्थांना ते वाचून दाखवावेत. तीन वर्षांत पुन्हा बदली होणार, तेव्हा येथील भाषा मुलांनी कशाला शिकावी, असे म्हणणारे पालक आपल्यात आहेत. त्यांनी ही यादी अवश्य पाहावी. त्यांच्या आजोबांनी या भाषांतले आकडे गावच्या माळावर, कोणी न शिकविताच पाठ केले होते.